फोटो-टाइल्स करताना शाई फुटते तेव्हा

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला येणाऱ्यांना द्यायला तुम्ही जुन्या फोटोंच्या वीस टाइल्स करताय, आणि पहिल्याच टाइलवर फेविकॉलचा वरचा हात फिरवल्याबरोबर फोटो जांभळट होऊन पसरला, असं लिहिलंय तुम्ही. अजून दोन आठवडे आहेत, तेवढ्यात काम सहज होईल.

चूक फेविकॉलची नाही, प्रिंटची आहे. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते, आणि फेविकॉलमध्ये पाणी असतंच. लेझर प्रिंटमध्ये शाई नसते. तिथे टोनरची बारीक पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते, त्यामुळे ओला हात फिरला तरी ती जागची हलत नाही. कोपऱ्यावरच्या कलर झेरॉक्सच्या दुकानात बहुधा लेझर मशीन असतं, तरी विचारून घ्या. शंभर जीएसएमचा साधा कागद मागा. पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. स्टुडिओतून धुऊन आणलेला फोटो जाड असल्याने त्याची कड टाइलवर उठून दिसते. मूळ फोटो मात्र कुणी कितीही सांगितलं तरी चिकटवू नका.

जुना फोटो स्कॅन करता आला तर उत्तम. नाहीतर खिडकीजवळ, थेट ऊन टाळून, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर काढा. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर फोटो मागवाल तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबून लहान होतो. चार इंची टाइलला साधारण १२०० पिक्सेल बाजूचा चौकोन पुरतो. कृष्णधवल फोटो थोडा उजळ करून छापा, वर हात चढले की तो जरा गडद दिसतो.

टाइल ग्लेझवाली, भिंतीची घ्या. चार बाय चारच्या टाइल्स आता सगळीकडे मिळत नाहीत, पण आठ बाय बाराची एक कापली की सहा तुकडे होतात. दुकानदार किंवा फरशी बसवणारे कारागीर कापून देतात. कापलेल्या कडा हाताला लागतात, त्या पॉलिश पेपरने घासून घ्या. मग टाइल साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. भिंतीच्या टाइलची मागची बाजू पाणी पिते, म्हणून एक दिवस तशीच ठेवा. चिकटवण्याआधी सर्जिकल स्पिरिटने ग्लेझ पुसा आणि त्यानंतर वर बोट लावू नका.

फोटो टाइलपेक्षा चारही बाजूंनी तीन मिलिमीटर लहान कापा. कागद कडेपर्यंत गेला की तिथूनच उचलला जातो. तीन भाग फेविकॉलला एक भाग पाणी, टाइलवर पातळ थर, मग कागद मधून बाहेर दाबत न्या. जुनं एटीएम कार्ड यासाठी छान चालतं. बुडबुडा राहिला तर सुईने टोचून दाबा. तासाभराने वरून पहिला हात, तो पूर्ण पारदर्शक झाला की दुसरा, आडव्या दिशेने. पांढरट दिसतंय म्हणजे आत ओल आहे. त्यावर पुढचा हात दिलात तर तो ढगाळपणा आतच अडकून बसतो. पावसाळी दिवसात एका हाताला अख्खा दिवस लागू शकतो.

आता रेझिन, म्हणजे दोन द्रव मिसळून ओतायचं आणि मग काचेसारखं घट्ट होणारं पारदर्शक लेपन. शोभेला ठेवायच्या टाइलला त्याची गरज नाही, अॅक्रिलिक क्लिअर व्हार्निशच्या स्प्रेचे दोन हात पुरतात. रेझिन फक्त चहाच्या कपाखाली ठेवायच्या टाइल्सना द्या, कारण पांढरा फेविकॉल ओल्या कपाखाली मऊ पडतो. तसं करणार असाल तर आधी कडांसकट फेविकॉलचे तीन हात देऊन कागद बंद करा. उघडा राहिलेला कागद रेझिन शोषतो आणि तेलाचा डाग पडल्यासारखा दिसतो. चार इंची टाइलला दोन मिलिमीटर थरासाठी वीस मिलिलिटर लागतं. दोन भागांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घ्या, अंदाजाने ओतलेलं रेझिन चिकट राहतं. तीन मिनिटं सावकाश ढवळा. टेबल पाणसळीने तपासा, टाइलच्या मागच्या कडेला चिकटपट्टी लावा, ओतल्यावर वर मोठा डबा पालथा घाला. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. दुसऱ्या दिवशी हाताला घट्ट लागलं तरी आठवडाभर गरम काही ठेवू नका. मी पहिल्यांदा केलेल्या सेटवर दोनच दिवसांत उकळत्या चहाचं पातेलं ठेवलं गेलं आणि त्याचा गोल वळ कायमचा उठला. नंतरही पातेली नकोतच, घरगुती रेझिन फार उष्णता सोसत नाही.

एक मनापासून सांगते. कपाखालच्या टाइल्सवर आजोबांचा, पणजीचा चेहरा घेऊ नका. माझ्या मावशीने अशी टाइल हातात घेतली, पदराने पुसली आणि कपाटात ठेवून दिली, कप काही तिच्यावर ठेवला नाही. तिचं बरोबरच होतं. त्यासाठी जुन्या घराचं दार, तुळशीवृंदावन, पडवीतला झोपाळा असे फोटो निवडा. चेहऱ्यांच्या टाइल्स छोट्या लाकडी स्टँडवर द्या.

टाइलखाली ओरखडे पडू नयेत म्हणून फेल्टचे (मऊ जाड कापडाचे) तुकडे लावाल, ते चिकटवायच्या आधी मागच्या बाजूला फोटोतल्यांची नावं आणि साल पक्क्या मार्करने लिहा. नावं आजींना विचारून घ्या. तुमच्या यादीत तीन ठिकाणी ‘बहुतेक काकू’ असं लिहिलेलं दिसलं. फेल्ट मग चार कोपऱ्यांनाच लावा, म्हणजे लिहिलेलं झाकलं जाणार नाही.

बांधताना टाइल्स एकमेकींवर तोंडाला तोंड लावून रचू नका, वरचे हात एकमेकांना चिकटतात. मध्ये बटर पेपर घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उमटते.