बीपीच्या गोळ्या गुपचूप बंद केल्यात?

(वय 52. बीपीसाठी अटेनोलॉल आणि लघवी वाढवणारी गोळी चालू होती. वर्षभरापासून ताठरता टिकत नाही. गोळ्यांमुळेच हे होतंय असं वाटून दोन्ही स्वतःच बंद केल्या. बायकोला काहीच सांगितलेलं नाही. मित्राने सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी, व्हायग्रातलं औषध) दिली आहे, घेऊ का, असं विचारलंय.)

मित्राची गोळी तूर्त राहू द्या. आधी डॉक्टरांना फोन करा आणि गोळ्या सोडल्याचं सरळ सांगा. अटेनोलॉल एकदम तोडली की बीपी आणि ठोके उसळू शकतात, काहींना हृदयविकाराचा झटकाही येतो.

तुमचा संशय मात्र अगदीच खोटा नाही. अटेनोलॉलसारखे जुने बीटा-ब्लॉकर (ठोके आणि बीपी कमी करणारी औषधं) आणि लघवीच्या गोळ्या काहींना असा त्रास देतात. त्या बदलून मिळतात: लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटात ही तक्रार सहसा नसते, आणि बीटा-ब्लॉकर लागणारच असेल तर नेबिवोलॉल आहे. कोणती द्यायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पण सगळं खापर गोळ्यांवर फोडू नका. बीपीने रक्तवाहिन्या कडक होतात, मग लिंगात पुरेसं रक्त येणार कुठून? तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक, म्हणून बिघाड अनेकदा तिथे आधी कळतो आणि हृदयाचं दुखणं मागाहून येतं. मला तरी ही नुसती बेडरूममधली तक्रार वाटत नाही. साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासा. जिना चढताना छातीत दाटतं का, तेही सांगा. सिगारेट ओढत असाल (पत्रात लिहिलं नाहीत), तर ती सुटायलाच हवी.

आता सिल्डेनाफिल. बीपी आटोक्यात असेल तर बहुतेकांना ती चालते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी किंवा कुठलंही नायट्रेट चालू असेल, तर मात्र अजिबात नाही. दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतेल इतकं खाली येतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर तेही आधी सांगायचं. डॉक्टरांनी दिलीच, तर साधारण तासभर आधी घ्या, भरपेट जेवून नको. गोळीने इच्छा होत नाही, इच्छा मुळात असावी लागते. पहिल्या खेपेला जमलं नाही म्हणून लगेच नाद सोडू नका. ‘आयुर्वेदिक’ म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये हेच औषध न सांगता मिसळलेलं सापडलं आहे, त्या नकोतच.

आणि बायकोला सांगा हो. तुम्ही टाळताय हे तिला वर्षभर दिसतंय. कारण काय, ते ती आपल्या मनाने लावत असणार, आणि ते बहुधा बीपी नसेल. जमलं तर डॉक्टरांकडे दोघं मिळून जा.