खोकलं की लघवी, जवळ आलं की दुखणं : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांतली आणि मेसेजमधली निम्म्याहून जास्त ओटीपोटाखालच्या दुखण्याबद्दलची आहेत, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. नावं छापलेली नाहीत, फक्त गाव-तालुका ठेवलाय.

उत्तरांच्या आधी एक सांगते, कारण ते प्रत्येक उत्तरात लागणार आहे. ओटीपोटाच्या खाली पुढं जे हाड हाताला लागतं तिथपासून मागं माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते, डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात, आणि मूत्राशय, गर्भाशय, शौचाची जागा हे सगळं त्या झोळीवर तोललेलं असतं. लघवी धरणं, सोडणं, संभोगाच्या वेळी सैल होणं, सगळं तिचंच काम. ही झोळी कुणाची ढिली पडते, तर कुणाची आखडून बसते, आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून मोबाईलवर बघून सरसकट सगळ्यांनी एकच व्यायाम करायचा नाही, आधी आपलं काय झालंय ते समजून घ्यायचं.

प्रश्न : ताई, मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला आहे, वय ४४, तीन बाळंतपणं झालीत. खोकला आला, शिंक आली, ओझं उचललं की लघवी होते. कामावर बाथरूम लांब म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही. देवळात जायला सुद्धा नको वाटतंय, कपड्याला वास येईल म्हणून. बरोबरच्या बायका म्हणतात वय झालं की असंच असतं, खरं का ओ?

नाही ओ, खरं नाही. पुष्कळ जणींना होतं हे खरं, पण होतं म्हणून ते तसंच सोसायचं असं कुठं आहे? तुम्ही सांगताय त्यावरून झोळी ढिली पडलेली वाटते, आणि त्यावर पहिला उपाय व्यायामच आहे, गोळी नाही आणि ऑपरेशन तर नाहीच नाही. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली याबद्दल लिहिलं, म्हणून त्याला केगल म्हणतात, आपल्याकडं योगात मूलबंध म्हणून शिकवतात तेही बरंचसं त्याच जागेचं काम आहे.

करायचं कसं, तर गुडघे मोडून उताणं झोपा. लघवी आणि वारा दोन्ही एकदम धरायचंय असं समजून आतली जागा आवळा आणि वर ओढा. कुल्ले, मांड्या, पोट घट्ट करायचं नाही, श्वास रोखायचा नाही, इथंच बहुतेक जणी चुकतात. ६ ते ८ सेकंद धरा, मग तितकाच वेळ पूर्ण सोडा, सोडणं पण व्यायामाचाच भाग आहे. सुरुवातीला ३ सेकंदच जमलं तरी चालतंय. असं ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, आणि किमान ३ महिने. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून सोडू नका. लघवी चालू असताना मधेच थांबवून रोज हा व्यायाम करायचा नाही, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही. आणि खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळून धरायचं, मग खोकायचं, ही एवढी सवय लागली तरी गळणं बरंच कमी होतं.

पाणी बंद करू नका. पाणी कमी पडलं की लघवी कडक होते, जळजळ होते, मूत्राशय आणखी चिडतं, शिवाय संडासला कडक होऊन कुंथावं लागतं आणि कुंथण्याचा सगळा जोर त्याच झोळीवर पडतो. दिवसभरात थोडं थोडं प्या, चहा कमी करा. भाकरी, पालेभाजी, रात्री गरज लागली तर इसबगोल. खोकल्याकडं पण बघायलाच पाहिजे, वखारीतल्या धुळीत तोंडाला पदर किंवा मास्क बांधा, मिश्री लावत असाल तर ती सोडा, आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकीची तपासणी फुकट होते, ती करून घ्या. साखर पण तपासा, साखर वाढली की लघवीला सारखं होतं. आणि कामाच्या ठिकाणी बाथरूम जवळ पाहिजे हे तुम्ही सगळ्या मिळून मुकादमाकडं मागा, ही काही चैन नव्हे.

तीन महिन्यांत फरक नाही पडला किंवा आवळतंय की नाही तेच कळत नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. बेळगावात बिम्सचं सरकारी हॉस्पिटल आहे, केएलई संस्थेचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथं बायकांच्या या तक्रारी बघणाऱ्या मॅडम कोण आहेत असं सरळ विचारायचं.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, वय ५८. भात लावणीला वाकलं की खाली अंग बाहेर आल्यासारखं वाटतंय, संध्याकाळी जास्त, झोपलं की आत जातंय. एका डॉक्टरांनी पिशवी काढा म्हणून सांगितलं. गावातली एक बाई तुरटी ठेवायला सांगते. ऑपरेशनची भीती वाटते खरं त्रास बी लई आहे. आणि आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरना मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही, सांगायचं कसं?

आधी तुरटीचं. आपल्या मनानं काही म्हणजे काही आत ठेवायचं नाही, तुरटी नाही, पाला नाही, चुना नाही. तुरटीनं आतली नाजूक कातडी भाजते, जखम होते, आणि वर चढल्यासारखं वाटतं ते फक्त आकसल्यामुळं.

अंग खाली येण्याच्या पायऱ्या असतात. थोडंच खाली आलं असेल, आतच असेल, तर फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली व्यायाम करून त्रास पुष्कळ कमी होतो. त्याच्या पुढं गेलं तरी लगेच ऑपरेशन असं नाही, रिंग पेसरी म्हणून सिलिकॉनची कडी मिळते, डॉक्टर मापानं बसवतात, ती आतून आधार देते, ठरलेल्या वेळी काढून धुवायची आणि तपासून घ्यायची. ही कडी आपल्याकडं किती बायकांना कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही आपणहून विचारा.

ऑपरेशन लागूच नये असं माझं म्हणणं नाही, पूर्ण बाहेर येत असेल, लघवी अडत असेल, घासून जखम होत असेल तर ते करावं लागतं आणि त्यानं आराम पण पडतो. पण पिशवी नुसती काढली म्हणजे झोळी आपोआप दुरुस्त होत नाही, नंतर वरचा भाग परत खाली उतरू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचं, झोळीची दुरुस्ती पण करणार का, पिशवी ठेवून करता येईल का, कडी लावून बघता येईल का. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं म्हणून कुणी रागवायचं कारण नाही. देशात बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्या गेल्या म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं आणि २०२३ साली कोर्टानं राज्यांना यासाठीचे नियम लागू करायला सांगितलं, इतका हा गंभीर विषय आहे.

आयुर्वेदाचं विचारलं नाही तुम्ही, तरी सांगते कारण बऱ्याच जणी तिकडं जातात. शहापूरला केएलईचं आयुर्वेद कॉलेज आहे. तिथं शिकलेल्या वैद्य मॅडमच्या हातून तेलाचा पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, घेतला तर कोरडेपणाला, घासण्याला बरं वाटू शकतं, पण खाली आलेलं अंग तेवढ्यानं वर जाईल अशी आशा धरू नका. वैद्य काय देतात ते डॉक्टरला आणि डॉक्टर काय देतात ते वैद्याला सांगायचं, लपवायचं नाही, आणि लेबल नसलेली पुडी, भस्म अजिबात घ्यायचं नाही.

शेतात उकिडवं बसून वाकणं कमी होईल असं बघा, डोक्यावरचा भारा अर्धा अर्धा करून न्या, उचलताना श्वास सोडत उचला, रोखून नको. पाळी बंद झाल्यावर परत रक्त दिसलं, कितीही थोडं असलं तरी, त्याच आठवड्यात दाखवा.

आणि सिस्टरना एवढं म्हणा, "गर्भकोश केळग बंदैति", म्हणजे पिशवी खाली आलीय. त्या पुढचं स्वतःच विचारतील. नाहीतर तुमच्या आशाताईंना बरोबर न्या, दोन्ही भाषा येणाऱ्या असतात बऱ्याचदा.

प्रश्न : ताई मी बेळगावची, २५ वर्षांची, लग्नाला वर्ष झालं. आमच्यात अजून संबंध नीट झालेलेच नाहीत, जवळ आले की आत भिंत असल्यासारखं होतं आणि इतकं दुखतं की मी रडते. नवरा चांगला आहे, जबरदस्ती करत नाही, पण सासूबाई मूल कधी म्हणून विचारतात, एकीनं तर बाहेरची बाधा म्हणून सांगितलं. मी युट्यूबवर बघून केगल करतेय, त्यानं उलट जास्तच दुखतंय.

केगल आजपासून बंद कर गं. तुझी झोळी ढिली नाही, आखडलेली वाटतेय, आणि तिला आणखी आवळायला लावलं तर दुखणारच. याला व्हजायनिस्मस म्हणतात. तू मुद्दाम करत नाहीस, दुखण्याची भीती बसली की स्नायू आपोआप घट्ट मिटतात, घट्ट मिटले की आणखी दुखतं, आणि पुढच्या वेळी भीती वाढते. बाधा नाही, तुझ्यात खोट नाही, नवऱ्यावर प्रेम नाही असंही नाही. आणि हे बरं होतं, बहुतेक जणींचं बरं होतं, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

पहिलं म्हणजे एका समजूतदार स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना दाखव, कारण इन्फेक्शन, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), कातडीचा त्रास, योनीच्या पडद्याची वेगळी रचना यानं पण दुखतं, ते नाही ना हे बघावं लागतं. तपासताना "दुखलं तर मी थांबा म्हणणार" हे आधीच सांग. ज्या डॉक्टर म्हणतील "जरा सहन कर, होईल सवय", तिथं परत जाऊ नकोस.

दुसरं, सध्या काही आठवडे आत जायचा प्रयत्नच बंद. दोघांनी मिळून ठरवा. मिठी, मालिश, जवळ झोपणं, जे आवडतं ते सगळं चालू ठेवा, फक्त ती एक गोष्ट नाही. "आज होईल का" ही धास्ती गेली की अंग सैल व्हायला लागतं.

मग रोज १० मिनिटं श्वास. एक हात पोटावर, नाकानं श्वास घेताना पोट फुगू दे आणि त्याच वेळी खालची जागा सैल सुटतेय असं वाटू दे, सोडताना काही आवळायचं नाही. बालासन, बद्धकोणासन, उशीला टेकून मालासन, ही आसनं या त्रासाला चांगली. मूलबंध आणि अश्विनी मुद्रा सध्या नको, दोन्हीत खालची जागा आवळतात, योगाच्या क्लासला जात असशील तर तिथल्या ताईंना पण हे सांग. नंतर फिजिओथेरपिस्ट डायलेटर, म्हणजे आत घालायच्या गुळगुळीत कांड्या, वापरायला शिकवतात, अगदी बारीक मापापासून सुरुवात, पाण्यात विरघळणारं जेल भरपूर लावून, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या वेगानं. स्वतःचं बोटही चालतं. दुखलं की थांबायचं, जोर करून पुढं गेलेलं काही कामाचं नसतं.

मनातलं कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत बोलता येतं. आणि सासूबाईंना उत्तर द्यायचं काम तुझं एकटीचं नाही, नवऱ्यानं सांगावं की आमचं आम्ही बघतोय, विषय संपला. त्यांनी तुझ्याबरोबर डॉक्टरकडं पण यावं. हेच पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कुणावर घरात जबरदस्ती होत असेल तर १८१ या महिला हेल्पलाईनला फोन करायला अजिबात कचरू नका.

प्रश्न : चिकोडीहून, वय ५१. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. खाली कोरडं पडलंय, जळजळतंय, वर्षात तीन वेळा लघवीचं इन्फेक्शन झालं, आणि नवऱ्याजवळ जायची इच्छाच मेलीय. या वयात असं विचारू नये म्हणतात.

का विचारू नये? पन्नाशीनंतर बाईनं नुसतं सोसायचं असं कुणी ठरवलंय? पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन कमी होतं, आतली कातडी पातळ आणि कोरडी पडते, म्हणून हे सगळं एकदम सुरू होतं, इन्फेक्शन सुद्धा. यावर आत लावायची कमी डोसची इस्ट्रोजेन क्रीम मिळते, साधारण पहिले दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. ती जागेपुरतीच काम करते, रक्तात फार कमी जाते, इन्फेक्शन पण कमी होतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायचं. संबंधाच्या वेळी जेल वापरा. खोबरेल तेल चालतं, पण निरोध वापरत असाल तर तेल नको, रबर खराब होतं. साबण, जाहिरातीतले वॉश आत वापरू नका, साधं पाणी पुरे.

शतावरी बऱ्याच जणी घेतात, घ्यायची तर डॉक्टरला सांगून घ्या, कोरडेपणावर तिच्या भरवशावर राहू नका. इच्छेचं म्हणाल तर दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा कुणाला होईल? आधी जळजळ जाऊ दे. तरी नाहीच आली तर झोप, थायरॉईड, बीपीच्या आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या, घरातला ताण, हे सगळं डॉक्टरसमोर मांडा.

प्रश्न : मी अथणीचा, बायको बाळंत होऊन अडीच महिने झाले, टाके पडले होते. आजी रोज पोट घट्ट बांधते आणि शेगडीचा शेक देते. बायको म्हणते अजून दुखतंय. संबंध कधीपासून ठेवायचे?

तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. साधारण ६ आठवड्यांनी तपासणी होते, पण तारीख पाळायची नसते. तिचं दुखणं थांबलं आणि तिला वाटलं की मगच. अडीच महिन्यांनी पण दुखत असेल तर टाक्यांची जागा डॉक्टरांना दाखवा. अंगावर पाजताना कोरडेपणा असतो, त्याला जेल लागतं.

पोट बांधायचं तर सैल आधारापुरतं. करकचून बांधलं की दाब खाली जातो, नुकत्याच ताणलेल्या झोळीवर. शेक अंगाला, पाठीला चालेल, टाक्यांवर निखाऱ्याची धग नको, भाजतं. आजींना दुखवू नका, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलाचं मालिश हे त्यांचं सगळं चालू दे. मघाचा आवळण्या-सोडण्याचा व्यायाम हळूहळू करायला हरकत नाही, दुखलं तर थांबायचं. रात्री बाळ तुम्ही घ्या, तिला सलग झोप मिळू दे. आणि ती हो म्हणाली तरी आधी गर्भनिरोधकाचं विचारून घ्या, पाळी परत यायच्या आधीच दिवस राहू शकतात.