अडथळ्यांच्या शर्यतीतल्या जॉकीची कारकीर्द कशी असते आणि ती संपल्यावर तो काय करतो?

महालक्ष्मीला किंवा पुण्याला आपण पाहतो त्या शर्यती सपाट धावपट्टीवरच्या असतात; ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ‘जंप’ शर्यतींत मात्र घोड्याला छातीइतक्या उंच अडथळ्यांवरून उड्या घ्याव्या लागतात, त्यामुळे पडणे आणि हाडे मोडणे हा त्या जॉकीच्या रोजच्या कामाचाच भाग असतो. निवृत्तीनंतर कोणी ट्रेनर होतो, कोणी समालोचक, तर डिक फ्रान्सिस यांच्यासारखा एखादा रहस्यकथाकार होतो. मला मात्र तुमच्या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश जॉकी बॉब चॅम्पियन यांच्या आयुष्यात दिसते, आणि माझ्या वडिलांची केमोथेरपी चालू असताना त्यांची हकिगत मी पुन्हा पुन्हा वाचली आहे.

1979 च्या जुलैमध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी, ऐन उमेदीत असलेल्या चॅम्पियन यांना वृषणाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि जगण्याची शक्यता 35 ते 40 टक्के असल्याचे सांगण्यात आले. लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयात केमोथेरपी सुरू झाली. त्यांचे ट्रेनर जॉश गिफर्ड यांनी तबेल्यातली त्यांची जागा राखून ठेवली, ही गोष्ट मला औषधाइतकीच मोलाची वाटते. त्याच वर्षी चॅम्पियन ज्यावर स्वार होत त्या ॲल्डॅनिटी या घोड्याच्या पायाच्या टेंडनला (स्नायुबंधाला) पुन्हा गंभीर इजा झाली होती आणि तो परत धावेल अशी आशा फारशी उरली नव्हती.

पण दोघेही बरे झाले आणि 4 एप्रिल 1981 रोजी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) या रेसकोर्सवर ही जोडी ग्रँड नॅशनलमध्ये उतरली. सुमारे सात किलोमीटरचे अंतर आणि 30 उड्या, अशी ती शर्यत. पहिल्याच अडथळ्यापलीकडे घोडा इतका पुढे झुकला की आता कोसळणार असेच वाटते. अशा क्षणी जॉकीला मागे रेलून लगाम हातांतून सरकू द्यावा लागतो, कारण तोल सावरायला घोड्याला मान मोकळी लागते. लगाम आवळून धरला की दोघेही जमिनीवर. ॲल्डॅनिटी सावरला, अकराव्या अडथळ्यापाशी पुढे आला आणि शेवटी ‘स्पार्टन मिसाइल’ या घोड्याला चार घोड्यांच्या लांबीइतके मागे टाकून जिंकला.

पुढच्याच वर्षी चॅम्पियन यांनी शर्यती सोडल्या. नंतर 1999 पर्यंत त्यांनी न्यूमार्केटला ट्रेनर म्हणून काम केले, पण त्यांचे उत्तरायुष्य खऱ्या अर्थाने ओळखले जाते ते 1983 मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या कर्करोग न्यासामुळे. जिंकल्यानंतर लोकांनी आपण होऊन पाठवलेल्या देणग्यांतून तो उभा राहिला आणि पुरुषांच्या कर्करोगांवरील संशोधनाला त्याने पैसा पुरवला. 1987 मध्ये म्हातारा ॲल्डॅनिटी बकिंगहॅम पॅलेसपासून एन्ट्रीपर्यंत चालत गेला. वाटेत त्याच्या पाठीवरचे स्वार बदलत राहिले आणि न्यासासाठी निधी जमत राहिला.