समन्स नवऱ्यापासून लपवू नका, ताई

प्रश्न : माझे पती लष्करात नायक आहेत. सध्या ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानमध्ये आहेत. मी सासूबाई आणि दोन मुलांसोबत काटोल तालुक्यात राहते. आमचं पाच एकर वावर आहे, त्यात संत्र्याची बाग. सासरे आणि त्यांच्या भावाची वाटणी फार पूर्वी तोंडी झाली, तेव्हापासून दोन्ही सातबारे वेगळे आहेत. सासरे वारले आणि आता चुलत भासऱ्यांनी वाटणी झालीच नाही म्हणून काटोलच्या न्यायालयात दावा टाकला. बागेतला माल तोडायलाही मनाई मागितली आहे. बेलिफ आला तेव्हा सासूबाईंनी त्यांचं समन्स घेतलं, पण पतींच्या नावाचं मी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून घेतलं नाही. तो ते दारावर चिकटवून गेला. पेशी पुढच्या महिन्यात आहे. पतींना मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिकडे गोळीबाराच्या बातम्या येतात, फोन आठवड्यातून एखादा, तोही तुटत तुटत. त्यात हे कसं सांगू? ते परत येईपर्यंत केस थांबते का? त्यांचा पगार जप्त होईल का?

उत्तर : ताई, पगाराचं आधी सांगते, म्हणजे ती काळजी मनातून जाईल. तुमच्यावरचा दावा वाटणीचा आहे, पैशांच्या वसुलीचा नाही. आणि तसा असता तरी आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम २८ प्रमाणे सैनिकाचा पगार आणि भत्ते दिवाणी किंवा महसुली न्यायालयाला जप्त करता येत नाहीत. त्यामुळे दर महिन्याला घरी येणारा पैसा येत राहील.

आता केस थांबते का, याचं उत्तर : थांबवता येते, पण आपोआप थांबत नाही. कोणीतरी न्यायालयासमोर उभं राहून सांगावं लागतं की प्रतिवादी सैनिक आहे आणि तो कुठल्या परिस्थितीत सेवेत आहे. न्यायाधीशांना हे कागदावरून कळणार नाही, कारण तुम्ही पाठवलेल्या दाव्याच्या पहिल्या पानाच्या फोटोत पतींच्या नावापुढे लिहिलंय, ‘वय अंदाजे ३४ वर्षे, व्यवसाय : शेती’. ज्या भासऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा मुलगा भरतीला गेला, त्यांना त्याचा व्यवसाय माहीत नाही यावर कोण विश्वास ठेवेल? हे पान जपून ठेवा. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ हा जुना पण आजही लागू असलेला कायदा आहे. त्याचं कलम ४ सांगतं की समोरचा पक्ष विशेष परिस्थितीत सेवा करणारा सैनिक आहे असं मानायला कारण असेल, तर वादीने ते दाव्यातच नमूद करायचं. ते केलेलं नाही, हा तुमच्या वकिलाचा पहिला मुद्दा.

‘विशेष परिस्थिती’ म्हणजे युद्धच पाहिजे, असा अनेकांचा समज असतो. मग समोरचा वकील म्हणतो, भारताचं कुठे युद्ध चालू आहे, यादवी तर सुदानवाल्यांची आहे. तुम्ही त्या वादात पडूच नका. या कायद्यात युद्धस्थितीतली सेवा वेगळी धरली आहे आणि समुद्रापलीकडच्या परदेशातली सेवा वेगळी. संयुक्त राष्ट्रांचं मिशन दक्षिण सुदानमध्ये २०११ पासून आहे, आपल्या तुकड्या तिथे आदेशाने जातात आणि मध्येच पेशीसाठी सुटी मागून येण्यासारखी ती जागा नाही. पती विशेष परिस्थितीत आहेत का, याची शंका न्यायालयाने तुमच्या-आमच्या बोलण्यावर सोडवायची नसते. कायद्याने ठरवून दिलेला लष्करी अधिकारी तसं प्रमाणपत्र देतो, आणि त्या प्रमाणपत्राला मोठं वजन आहे.

तर क्रम असा राहील. पेशीच्या दिवशी घरी बसून राहू नका. वकिलामार्फत अर्ज द्या की प्रतिवादी क्रमांक एक हे सैनिक असून परदेशात सेवेवर आहेत, हजर होऊ शकत नाहीत, म्हणून कलम ६ प्रमाणे कामकाज स्थगित करून लष्करी अधिकाऱ्याला नोटीस काढावी. पतींच्या सहीचा वकालतनामा अजून नाही म्हणून अडू नका. न्यायालयाला तसं मानायला कारण दिसलं तरी पुरतं, आणि ते कारण दाखवायला तुम्ही स्वतः शपथपत्र देऊ शकता. सोबत पतींच्या ओळखीचा आणि सेवेचा जो कागद घरी असेल तो जोडा. मग लष्कराकडून उत्तर आलं की हा सैनिक विशेष परिस्थितीत आहे आणि न्यायासाठी काम पुढे ढकलणं गरजेचं आहे, तर न्यायालयाला ते ढकलावं लागतं. उत्तर ठरावीक मुदतीत आलंच नाही, तर मात्र न्यायालय पुढे जाऊ शकतं. म्हणून नोटीस निघाली की तिच्या मागे लागायचं, युनिटला फोन करत राहायचं.

याच कायद्यात दुसरी एक वाट आहे, ती फार कमी लोक वापरतात. कलम ५ प्रमाणे जिल्हाधिकारी स्वतःहून न्यायालयाला कळवू शकतात की आमच्या जिल्ह्यातला हा सैनिक हजर राहू शकत नाही. त्यासाठी सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या आणि त्याची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

दारावर चिकटवलेल्या समन्सबद्दल शेजाऱ्यांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं. समन्स नाकारलं की आपण सुटलो, ही समजूत गावोगावी आहे आणि तिने कित्येकांच्या जमिनी एकतर्फी हुकुमात अडकवल्या. बेलिफ चिकटवून जातो, तसा अहवाल देतो आणि न्यायालय ‘समन्स बजावलं’ असं धरू शकतं. तुमच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बाजूने आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २८ प्रमाणे सैनिकाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं असतं. ते तसं पाठवलेलं नाही. हा आक्षेप पहिल्याच पेशीला लेखी घ्या, नंतर उगाळून उपयोग नाही.

आणि सासूबाई! त्यांनी समन्स घेतलंय, म्हणजे त्यांची लेखी जबाबाची मुदत सुरू झाली. ती मुदत ३० दिवसांची. न्यायालय कारण नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवतं, पण त्या भरवशावर राहू नका. मुलगा परदेशात आहे म्हणून आईचा जबाब थांबत नाही. उलट भासऱ्यांचा वकील याचाच फायदा घेईल. १९२५ च्या सैनिकांच्या कायद्याच्या कलम ६ मध्येच सोय आहे की सैनिकाचं हित दुसऱ्या पक्षकारासारखंच असेल आणि तो पक्षकार ते नीट मांडत असेल, तर न्यायालय काम स्थगित करायला नकार देऊ शकतं. ते म्हणतील, माय आहे ना, मग मुलाची काय गरज? त्याला उत्तर हे की मुलाचा हिस्सा त्याचा स्वतःचा आहे, सुटीत येऊन बाग तोच पाहतो, खर्च त्याच्या खात्यातून होतो आणि सासूबाईंचं वय झालेलं आहे. हे सगळं शपथपत्रात आत्ताच यायला पाहिजे.

मालाला मनाई मागितलेला अर्ज, म्हणजे कोर्टाच्या भाषेत निशाणी ५, हा सगळ्यात आधी ऐकला जाईल. दाव्याचा निकाल वर्षांनी लागेल, पण बहार तोडायची वेळ थांबत नाही. तिथे एका गोष्टीला मोठं वजन असतं : आज ताबा कोणाचा? त्यासाठी लागणारे कागद तुमच्या घरातच आहेत. वेगळे सातबारे आणि ज्या फेरफाराने ते वेगळे झाले त्याची नक्कल. ई-पीक पाहणीच्या नोंदी. विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल कोणाच्या नावावर येतं ते. सोसायटीचं पीककर्ज. व्यापाऱ्याने झाडावरच बाग घेतली असेल तर त्याची सौदाचिठ्ठी. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, हे खरं. भासऱ्यांचा वकीलही तेच सांगेल. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरली जाते, आणि इतकी वर्षं दोन्ही घरांनी वेगळी वहिवाट केली असेल तर तोंडी वाटणीही न्यायालय मानू शकतं. मनाईचा हुकूम निघेपर्यंत माल तोडा, विका, पण हिशेब वहीत तारीखवार लिहा आणि पैसे बँकेतून घ्या. हुकूम निघाला तर मग एक संत्रंही तोडू नका, आधी वकिलाकडे जा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तुम्ही पतींना सांगितलं नाही. कामठी, काटोल, सावनेरकडच्या फौजी घरांमध्ये हे नेहमीचं आहे. लेकराला ताप असो की सासऱ्यांचा दवाखाना, फोनवर एकच वाक्य, ‘इकडे सगळं बरं आहे, तुम्ही तुमची काळजी घ्या.’ त्या वाक्यामागे किती रात्री जागून काढलेल्या असतात, हे ज्या घरात घडतं त्यांनाच माहीत. मला त्या धीराबद्दल आदर आहे. पण ताई, समन्स त्या यादीत टाकू नका. तापाचं नंतर कळलं तर तो हळहळेल. जमिनीविरुद्ध हुकूमनामा झाल्याचं नंतर कळलं तर तो पुढची कित्येक वर्षं सुटीतली प्रत्येक पेशी मोजत बसेल. १९२५ च्या त्याच कायद्याच्या कलम १० प्रमाणे असा हुकूमनामा रद्द करून घेता येतो, हो. पण त्यात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल : बायकोच्या दारावर समन्स होतं, मग नवऱ्याला कसं माहीत नव्हतं? तुमचं प्रेम तिथे तुमच्याच माणसाच्या विरोधात पुरावा म्हणून उभं राहील.

शिवाय त्याची सही लागणारच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २८ मध्ये सुटी न मिळणाऱ्या सैनिकाला आपल्या वतीने दावा लढवायला कोणालाही अधिकार देता येतो. तो कागद कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायचा, त्यावर ऑफिसरची प्रतिस्वाक्षरी घ्यायची आणि तो न्यायालयात दाखल करायचा. तेवढ्यावर तुम्ही त्याच्या वतीने हजर राहू शकता, वकील लावू शकता. सुटी मिळू शकत नाही याचाही तो पुरेसा पुरावा धरला जातो. यासाठी जुबाच्या भारतीय दूतावासात जायची गरज नाही, नोटरीही नको. कोणी म्हटलं की एकदाच सगळ्या अधिकारांचं कुलमुखत्यारपत्र करून घ्या, विक्रीसकट, तर नाही म्हणा. केस लढवण्यापुरताच अधिकार लिहा.

हे ऐकून त्याचं मन खचेल असं तुम्हाला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. आपल्या घरासाठी आपण इथून काहीतरी करू शकतो, हे कळलं की माणूस सावरतो. अर्धवट बातमी गावातल्या एखाद्या मित्राच्या व्हॉट्सॲपवरून कळली, तर मात्र तो रात्रभर नाही नाही ते विचार करेल. म्हणून तुटणाऱ्या फोनवर सगळी कहाणी सांगू नका. आधी हा मेसेज पाठवा :

‘दादांनी वाटणीचा दावा टाकला आहे. पेशी पुढच्या महिन्यात आहे, वकील बघितला आहे, आईचा जबाब तयार होत आहे. तुमच्या सीओ साहेबांसमोर एका कागदावर सही करायची आहे, मसुदा पाठवते. बाकी आम्ही बघतो.’

आणि वकील खरंच बघितल्यावरच पाठवा. त्याला खोटा धीर देऊ नका.

मसुदा पाठवताना आणि न्यायालयात अर्ज देताना त्याचं नेमकं ठिकाण, तुकडीची हालचाल, सोबतच्या जवानांचे फोटो, यातलं काहीही लिहू किंवा जोडू नका. ‘परदेशात सेवेवर’ आणि लष्करी पत्त्याचा एपीओ क्रमांक पुरे. न्यायालयाचे कागद इतरांच्या हातीही जाऊ शकतात. युनिट बाहेर गेलं तरी इथे त्यांची रिअर पार्टी, म्हणजे मागे थांबलेली तुकडी असते. तिच्या सुभेदार साहेबांना एक फोन करा, मूळ कागद त्यांच्यामार्फत लवकर येईल. पती ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे असतील तर त्यांचं रेजिमेंटल सेंटर कामठीलाच आहे, तिथे समक्ष जा.

पुढे ते सुटीवर येतील तेव्हा आर्मी ॲक्टचं कलम ३२ उपयोगी पडेल. खटल्यासाठी सुटी दिल्याचं प्रमाणपत्र हजर केलं, तर न्यायालयाने त्या सुटीतच सुनावणी बसवायची असते, आणि जमलं नाही तर कारण नोंदवायचं असतं. वाटणीचा दावा एका सुटीत संपणार नाही हे उघड आहे, पण निदान त्यांची साक्ष त्या दिवसांत होऊन जावी असा अर्ज जरूर द्या. त्यांची साक्ष तुम्ही देऊ शकणार नाही. अधिकारपत्रावर तुम्ही केस चालवू शकता, पण जे तुम्ही पाहिलेलंच नाही ते त्यांच्या वतीने शपथेवर सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. तुमच्या लग्नाआधीची वाटणी सासूबाईंनी पाहिली आहे. त्यांना आठवतं ते सगळं आत्ताच, शांतपणे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या : धुरा म्हणजे बांध कोणी घातला, पंच कोण बसले, त्यातलं आज कोण हयात आहे.

वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर लाजू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे सासूबाईंना तो हक्काने मिळेल. २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ही सुरू केली आहे. काटोल न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे या आठवड्यातच जा. जाताना दाव्याची पूर्ण प्रत, दारावरचं समन्स, सातबारे आणि सासूबाईंना सोबत न्या, कारण जबाबावर सही त्यांची लागेल.