थाई मालिकांमधलं प्रेम अर्धवट का राहतं?

तुमचा प्रश्न असा की, थाई रोमँटिक मालिकांत दोघांचा एकमेकांवर जीव असतो, तरी ती एकत्र येत नाहीत. मग लोक हे रडगाणं इतक्या आवडीनं का बघतात?

आधी एक सांगते, बहुतेक थाई मालिकांचा शेवट गोडच असतो. दुष्ट सवत-छाप बाई किंचाळते, कानाखाली आवाज निघतात, गैरसमज होतात आणि शेवटी लग्न लागतं. अशा मालिकांना तिथलेच लोक 'सडकं पाणी' म्हणतात. तुम्हाला चटका लावून गेलेल्या गोष्टी संख्येनं कमी आहेत, पण तिथल्या माणसांच्या जिभेवर नावं त्यांचीच असतात.

मी तीन वर्षं नोकरीनिमित्त बँकॉकला होते. आमची घरमालकीण साठीची होती, आम्ही तिला 'पा' म्हणायचो, म्हणजे थोरली मावशी. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की ती टीव्हीसमोर बसायची आणि माझ्यापुढे कापलेल्या पेरूची बशी सरकवायची. सोबत तिखट-मीठ-साखर. माझं मोडकंतोडकं थाई त्या बशीवरच सुधारलं. एकदा ती 'खू काम' या मालिकेचं जुनं रूप बघत होती, १९९०चं, गायक थोंगचाय मॅकिंटायर नायक असलेलं. नायिका दाराआड गप्प उभी होती आणि पा पडद्याकडे बघून ओरडत होती, "बोल ना गं! एकदा तरी बोल!" गोष्ट तिला तोंडपाठ होती. ती बोलणार नाही हेही ठाऊक होतं.

'खू काम' म्हणजे 'कर्मानं बांधलेली जोडी'. यातलं 'काम' आपलं कर्मच. मूळ कादंबरी थोम्मयंती या लेखिकेची. हे टोपणनाव, आणि ते आपल्या दमयंतीचं थाई रूप आहे. विरहाच्या गोष्टी लिहायला याहून चपखल नाव कुठून आणणार! नायिकेचं नाव आंग्सुमालिन, थाई लिपीत नीट वाचलं तर अंशुमालिन.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. डिसेंबर १९४१मध्ये जपानी फौजा थायलंडमध्ये उतरल्या. आंग्सुमालिन आई आणि आजीबरोबर थोनबुरीच्या कालव्याकाठी राहते, खिम वाजवते (संतूरच्या जातीचं वाद्य). बालपणीचा मित्र इंग्लंडला शिकायला गेलाय आणि त्याची वाट बघायचा शब्द तिनं दिलाय. जवळच्या गोदीवर कोबोरी नावाचा जपानी अधिकारी येतो. दोघांविषयी बोभाटा होतो, वरची मंडळी राजकारण बघतात आणि लग्न लावून दिलं जातं.

आता अडचण बघा. नवरा तो, घर एक, बाहेरून अडवणारं कुणी उरलेलंच नाही. अडवते ती स्वतः. देश ताब्यात घेणाऱ्या फौजेतल्या माणसावर आपला जीव जडलाय, हे तिला कबूल करायचं नाही. आपल्याकडे प्रेमाच्या आड बाप येतो, जात येते, पैसा येतो. इथे आड येतो दिलेला शब्द आणि मान. त्यांच्याशी भांडता येत नाही, पळूनही जाता येत नाही.

शेवटी दोस्त राष्ट्रांची विमानं बँकॉक नोई स्टेशनवर बॉम्ब टाकतात. ती ढिगाऱ्यात, प्रेतांमधून त्याला शोधत फिरते. तो सापडतो तेव्हा फार थोडा वेळ उरलेला असतो आणि त्यात ती एकदाची बोलते. तो म्हणतो, आकाशगंगेपाशी तुझी वाट बघेन. जपानी कथेत दोन तारे आकाशगंगेच्या दोन काठांवर ताटातूट होऊन राहतात, आपले अभिजित आणि श्रवण. वर्षातून एकच रात्र भेट. थाईमध्ये आकाशगंगेला 'पांढऱ्या हत्तीची वाट' म्हणतात. पा या जागी पेरूची बशी माझ्याकडे ढकलून तोंड फिरवायची.

एक मात्र खटकतं. दारूच्या नशेत कोबोरी बायकोवर जबरदस्ती करतो आणि तरीही गोष्ट त्याला प्रेमाचा नायकच ठेवते. थाई मालिकांत हा 'थप्पड मार, मग मुका घे' प्रकार वर्षानुवर्षं चालला. तिथेही आता त्याच्यावर टीका होते. मला तो भाग न बघता पुढे जावंसं वाटतं.

मग लोक बघतात का? मला वाटतं, याचं उत्तर पूर्वजन्मात आहे. कॉलेजात पाली भाषा घेतल्याचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा. साकेत जातकात (जातकं म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा) गाथा आहे: पुब्बेव सन्निवासेन पच्चुप्पन्नहितेन वा, एवं तं जायते पेमं उप्पलंव यथोदके. पूर्वीच्या सहवासानं किंवा या जन्मीच्या उपकारानं प्रेम उपजतं, पाण्यात कमळ उपजावं तसं. २०१८मध्ये थायलंड ज्या मालिकेनं वेडावलं आणि लोक जुने पोशाख घालून अयुथयाच्या वाट चायवत्थनाराम मंदिरात फोटो काढायला लोटले, तिचं नाव 'बुप्पेसन्निवात' याच 'पुब्बे सन्निवास'वरून आलंय. (ती गोड शेवटाची आहे, घाबरू नका.) असं मानणाऱ्या माणसाला या जन्मी न जमलेलं प्रेम वाया गेलेलं वाटत नाही. खातं उघडं राहिलं, एवढंच. आपणही 'ऋणानुबंध' म्हणतो, पण बहुधा लग्नपत्रिकेवर किंवा श्रद्धांजलीत.

दुसरं कारण साधं आहे. थाई मालिका आठवड्यातून दोन-तीन रात्री लागते आणि काही महिन्यांत संपते. आपल्यासारखी सासू-सुनेला पाच वर्षं खेचत नाही. त्यामुळे लेखकाला नायक मारता येतो. शिवाय गाजलेल्या कादंबऱ्यांवर पुन्हा पुन्हा मालिका निघतात. कोबोरी किती वेळा मेला असेल!

विरह याहून शांतपणे हवा असेल तर सीबुराफा यांची १९३७ची 'खांग लांग फाप' ही कादंबरी किंवा तिच्यावरचा सिनेमा बघा. जपानमध्ये शिकणारा बावीस वर्षांचा मुलगा आणि म्हाताऱ्या सरदाराची पस्तिशीतली बायको. तो मन मोकळं करतो, ती आवरून धरते. पुढे तो निवतो, ती मात्र नाही.

आणि बघताना सबटायटलवर विसंबू नका. 'आय मिस यू' दिसेल तिथे कान द्या, बहुतेक वेळा 'खित थुंग' ऐकू येईल. 'खित' म्हणजे विचार करणं, 'थुंग' म्हणजे पोचणं. पुण्याला परतल्यावर 'पा'चा पहिला निरोप आला त्यात एवढेच दोन शब्द होते, खाली पेरूचा फोटो.