प्रथिनाची रचना मिळाली, पुढे काय?

प्रश्न: माझी मुलगी केमिस्ट्रीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास करून नवी औषधं शोधायची, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. आता मात्र म्हणते, ‘अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्राम काही मिनिटांत प्रथिनाची रचना सांगतो, मग केमिस्ट्रीत एम.एस्सी. कशाला? त्यापेक्षा एआयचा कोर्स करते.’ तिचं बरोबर आहे का?

उत्तर: अर्धं बरोबर आहे, ताई. रचना काढण्याचं काम खरोखरच सोपं झालंय. पूर्वी रचना काढण्यासाठी एकेका प्रथिनाचे स्फटिक मिळवण्यात पीएच.डी.ची वर्षंच्या वर्षं जायची आणि तरी ते मिळतीलच असं नसे. आज अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना फुकट बघता येतात. २०२४ चं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जम्पर आणि डेव्हिड बेकर यांना याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. (ते केमिस्ट्रीचं नोबेल होतं, हे लेकीच्या कानावर जरूर घाला.)

पण रचना हातात आली म्हणजे औषध हातात आलं, असं नाही. तिला एक काम द्या. प्रोटीन डेटा बँकेत ‘१एचएसजी’ या क्रमांकाची रचना शोधून ती पायमॉल किंवा कायमेरा-एक्स या रेणू बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. हे एचआयव्हीचं प्रोटिएज एन्झाइम. त्याच्या खाचेत इंडिनावीर नावाचं औषध बसलेलं दिसेल. औषधाच्या मध्यावरचा हायड्रॉक्सिल गट २५ क्रमांकाच्या दोन अस्पार्टिक आम्लांच्या अगदी लगत आहे. विषाणूची लांब प्रथिनं तोडण्याचं काम हीच जोडी करते. आता दुसऱ्या बाजूला पाहायचं. एन्झाइमच्या वरच्या दोन झडपा आणि औषध यांच्यामध्ये पाण्याचा एकच रेणू अडकलाय. दोन हायड्रोजन बंध इकडे, दोन तिकडे.

हे पाणी आधीच्या रचनांमध्येही दिसलं होतं. त्यावरून काही रसायनशास्त्रज्ञांना वाटलं, पाण्याची जागाच घेणारा रेणू बनवला तर तो जास्त घट्ट बसेल. त्यांनी सायक्लिक युरिया तयार केले, १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि बसलेही झकास. पण त्यांतून बाजारात एकही औषध आलं नाही. पहिला उमेदवार रेणू तोंडावाटे दिल्यावर रक्तात पुरेसा उतरेना, शिवाय प्रत्येकात प्रमाण वेगळं. पाणी तसंच राहू देणारं इंडिनावीर मात्र १९९६ मध्ये मंजूर झालं.

अल्फाफोल्डच्या रचनेत हे पाणी दिसत नाही. दिसलं तरी ते हटवायचं की ठेवायचं, हटवलं तर रेणू विरघळेल का, तो प्रयोगशाळेत बनेल का, हे ठरवायला केमिस्ट्रीच लागते. त्यातून प्रथिन स्थिर बसत नाही. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली खरी, पण हे कुलूप सतत आकार बदलत असतं. रक्ताच्या एका कर्करोगावरचं इमॅटिनिब हे औषध एबीएल किनेझ हे एन्झाइम निष्क्रिय आकारात असतानाच त्यात नीट बसतं. एकच चित्र बघून डिझाइन करणारा इथे फसतो.

म्हणून माझा सल्ला: एम.एस्सी. सोडू नये. सेंद्रिय किंवा औषधी रसायनशास्त्र घ्यावं, थर्मोडायनॅमिक्सचा कंटाळा करू नये आणि सोबत पायथन, आरडीकिट (रेणू संगणकावर हाताळायचं साधन), ऑटोडॉक व्हिना (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा अंदाज देणारं, म्हणजे डॉकिंगचं साधन) शिकून घ्यावं. केमिस्ट्री येणाऱ्याला कोडिंग नंतर शिकता येतं. उलटं करणारे फार थोडे पाहिलेत मी. नवखी मुलं मुलाखतीत डॉकिंग स्कोअरचा, म्हणजे रेणू किती घट्ट बसेल याच्या संगणकी गुणांचा, भलामोठा तक्ता घेऊन येतात. ‘यातला कुठला रेणू तू स्वतः बनवायला घेशील आणि का?’ असं विचारलं की गप्प. तो स्कोअर म्हणजे ढोबळ अंदाज असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

एम.एस्सी.वर अशा टीममध्ये काम मिळू शकतं. प्रकल्पाची दिशा ठरवायची असेल तर बहुतेक ठिकाणी पीएच.डी. लागते. आणि हेही आत्ताच बोलून घ्या: कल्पनेपासून बाजारापर्यंत साधारण १० ते १५ वर्षं जातात आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहातले नऊ रेणू गळतात. अख्खी नोकरी संपली तरी आपण हात लावलेलं एकही औषध दुकानात दिसलं नाही, असे उत्तम शास्त्रज्ञ असतात. हे पचत नसेल तर पगाराचा आकडा बघून या वाटेला जाऊ नये.

तिला रेणूंपेक्षा मॉडेलं घडवण्यातच जास्त रस असेल, तर एआय तिच्यासाठी योग्यच, त्यात कमीपणा नाही. फक्त फी भरण्याआधी अभ्यासक्रम तपासा. लिनिअर अल्जिब्रा आणि संख्याशास्त्र पक्कं करून घेणार असतील तर घालावं. नुसती तयार टूल्स चालवायला शिकवणार असतील, तर तेवढं ती सुट्टीत घरबसल्या शिकेल.