आधी कंपनीत जा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रबंधाचा आराखडा मंजूर झाला आणि नेमकं तेव्हाच तुला वाटायला लागलं की विषयच हातातून निसटतोय. तू लिहितेस, "सर, दर थोड्या महिन्यांनी एक चिनी जनरल गायब होतो. पक्षाची लष्करावर पकड एवढी घट्ट असेल तर इतक्या लोकांना काढावं का लागतं? आणि काढावं लागत असेल तर पकड आहे असं मी कशाच्या जोरावर लिहू?"

प्रश्न खरा आहे. पण उत्तरासाठी तू बीजिंगमधल्या केंद्रीय लष्करी आयोगाच्या, म्हणजे फौज चालवणाऱ्या पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या, सात खुर्च्यांवर डोळे लावून बसली आहेस. कोण दिसला, कोण दिसला नाही, फोटोत कोण कुठे उभा होता. तिथून ऊठ. आधी कंपनीत जा.

पीएलएच्या, म्हणजे चिनी फौजेच्या, कंपनीत शंभरएक जवान असतात आणि त्यांच्या डोक्यावर बरोबरीचे दोन अधिकारी. एक कंपनी कमांडर, दुसरा राजकीय मार्गदर्शक. आपल्या फौजेत कंपनी कमांडरचा शब्द कंपनीपुरता अखेरचा असतो. तिथे तसं नाही. कवायत, प्रशिक्षण, लढाईतली हालचाल कमांडर बघतो. पण कंपनीत पक्षाची शाखा असते, तिचा चिटणीस सहसा मार्गदर्शक असतो आणि कमांडर उपचिटणीस. महत्त्वाचं जे काही ठरायचं ते शाखेच्या बैठकीत ठरतं. आणीबाणीच्या क्षणी कमांडर स्वतः निर्णय घेऊ शकतो, पण नंतर त्याचा जाब त्याला तिथेच द्यावा लागतो.

आता खेड्यातून आलेला एक पोरगा डोळ्यांसमोर आण. भरतीची दोन वर्षं संपत आली आहेत आणि त्याला घरी परतायचं नाही, सार्जंट होऊन फौजेतच राहायचं आहे. त्याचं नाव पुढे पाठवायचं की नाही हे शाखेत ठरणार. पक्षाचं सदस्यत्व मिळालं तर गावी परतल्यावरही त्याला किंमत राहील. तो अर्जही शाखेकडेच जातो. शाबासकी शाखेकडून, ठपकाही शाखेकडून. या पोराला माओचं एकही वचन पाठ नसलं तरी चालेल. आपलं पुढचं आयुष्य कोणत्या खोलीत ठरतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. हीच मांडणी वर चढत जाते: बटालियनला राजकीय प्रशिक्षक, रेजिमेंटपासून वर राजकीय कमिसार आणि पूर्ण पक्षसमिती. कमांडर त्या समितीचा सदस्य असतो, मालक नसतो.

"बंदुकीवर पक्षाचा हुकूम चालतो, पक्षावर बंदुकीचा हुकूम कधीही चालू द्यायचा नाही" हे माओचं वाक्य तुझ्याही पहिल्या पानावर आहे. सगळ्यांच्याच असतं. ते 1938 सालचं आहे, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. काम त्याच्या अकरा वर्षं आधी झालं होतं. एप्रिल 1927 मध्ये शांघायमध्ये कुओमिन्तांग या राष्ट्रवादी पक्षाच्या च्यांग कै-शेकने कम्युनिस्टांची कत्तल केली, कारण फौज त्याच्या हातात होती आणि यांच्याकडे नुसते कार्यकर्ते होते. ऑगस्टमध्ये कम्युनिस्टांचा नानछांगचा उठाव झाला, सप्टेंबरमध्ये हुनानमधला फसला. उरलेसुरले हजारभरही नसलेले लोक च्यांगशीमधल्या सानवान नावाच्या खेड्यात पोहोचले. रोज माणसं पळत होती. तिथे माओने ठरवलं की पक्षाची शाखा कंपनीत बांधायची. तोवर पक्ष रेजिमेंटच्या पातळीवर होता, म्हणजे जवानापासून फार लांब. त्या वेळी कंपनीत पक्षप्रतिनिधी म्हणून नेमलेल्यांपैकी एक लुओ रोंगह्वान पुढे मार्शल झाला. डिसेंबर 1929 मध्ये फूच्येनमधल्या गुथ्यानच्या परिषदेत याच गोष्टीवर पक्षाचा ठराव झाला. शी जिनपिंगने 2014 साली सगळ्या बड्या अधिकाऱ्यांना त्याच गुथ्यानला नेलं, ते उगीच नाही.

आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट तू शाळेत वाचली असशील. ते ज्या आठव्या रूट आर्मीत काम करत होते तिच्याकडे मात्र तू अभ्यासक म्हणून बघ. 1937 साली जपानविरुद्ध एकजूट झाली तेव्हा ही फौज कागदोपत्री च्यांगच्या राष्ट्रीय सरकारची झाली. टोपीवर चिन्ह कुओमिन्तांगचं, सुरुवातीला पैसाही त्यांचाच. कुओमिन्तांगच्या आग्रहाखातर कमिसारही काढले गेले. दोनेक महिन्यांतच कम्युनिस्ट पक्षाने ते परत नेमले. गणवेश दुसऱ्याचा चालेल, पगार दुसऱ्याचा चालेल, कमिसार मात्र आपलाच हवा, इतकं स्वच्छ गणित होतं त्यांचं. आदेश येनानचाच, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट मुख्यालयाचाच, चालला. घटनेत काय लिहिलंय यावर तू दहा पानं खर्च केली आहेस, म्हणून हे सांगतोय. 1982 च्या घटनेने शासनाचा वेगळा केंद्रीय लष्करी आयोग निर्माण केला, हे बरोबर. पण पक्षाच्या आयोगात जी माणसं तीच शासनाच्या आयोगात. एवढं एका परिच्छेदात सांग आणि पुढे जा.

तुझा दुसरा आक्षेप मला ऐकू येतोय. कंपनीतल्या शाखेने कधी काही थांबवलं का? मग डिसेंबर 1973 घे. लिन बियाओ 1971 साली पळाला, मंगोलियात विमान कोसळून मेला. माओचा घोषित वारस होता तो, तरी त्याच्या बाजूने एकही तुकडी उठली नाही. दोन वर्षांनी आठ लष्करी विभागांचे कमांडर एका फटक्यात एकमेकांच्या जागी बदलले गेले. वर्षानुवर्षं एकेका प्रदेशात मुरलेली माणसं होती ती. सोबत मोजके मदतनीस घेऊन त्यांनी निघायचं होतं, आणि ते मुकाट्याने निघाले. कमिसार जागेवरच राहिले. ज्या देशात त्याच शतकात प्रांतोप्रांती युद्धसरदार माजले होते, त्या देशात हे झालं. तुझ्या प्रबंधात यावर एक ओळ आहे. एक ओळ! माझा संताप इथे होतो.

आणि 1989, तिआनमेन चौकातलं आंदोलन. 38व्या ग्रुप आर्मीचा कमांडर शू छिनशियान याने फौज घेऊन बीजिंगमध्ये शिरायला नकार दिला. त्याला पदावरून काढलं, पक्षातून काढलं, लष्करी न्यायालयाने पाच वर्षांचा तुरुंगवास दिला. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे आणि तो मी वर्गात कधी लपवला नाही. पण त्याची फौज त्याच्याशिवाय बीजिंगमध्ये शिरली आणि तिने गोळ्या झाडल्या. सेनापती बाजूला झाला तरी खालची साखळी तुटली नाही, कारण ती कधी त्याच्या हातात नव्हतीच. याचं दुःख मोठं आहे, आणि ते नीट समजून घ्यायचं असेल तरीही तुला कंपनीतच जावं लागेल.

वरच्या खुर्चीला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. तेव्हाचा खरा सत्ताधारी डेंग शियाओपिंग 1987 साली पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीतून, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीतून, बाहेर पडला, पण लष्करी आयोगाचं अध्यक्षपद सोडलं नाही. त्यासाठी पक्षाची घटना बदलून घेतली. झाओ झियांग पक्षाचा सरचिटणीस असूनही आयोगाचा उपाध्यक्षच होता, आणि 1989 मध्ये कोणाचा शब्द चालला ते आपण पाहिलं. पण ती खुर्ची भारी ठरते ती खालच्या लाखो शाखांमुळे.

आता तुझ्या जनरलांकडे येऊ. 2022 साली निवडलेल्या सात जणांच्या आयोगातले तीन, ली शांगफू, म्याओ ह्वा आणि हे वेइडोंग, ऑक्टोबर 2025 पर्यंत पक्षातून हाकलले गेले. त्यातला म्याओ ह्वा कोण होता? राजकीय कार्य विभागाचा प्रमुख, म्हणजे बढत्या आणि अधिकाऱ्यांच्या निष्ठेच्या फायली सांभाळणारा. त्याच्या आधी त्या जागी असलेल्या चांग यांगने चौकशी चालू असताना 2017 मध्ये आत्महत्या केली. त्याच्याही काही वर्षं आधी ती जागा सांभाळलेला शू त्साइहौ याच विभागातून चढत आयोगाचा उपाध्यक्ष झाला आणि पैसे घेऊन बढत्या दिल्याच्या आरोपात अडकला. बघ आता नीट. निष्ठा तपासायचं काम ज्यांच्याकडे होतं तेच पुन्हा पुन्हा सापडतात. बढतीचा निर्णय पक्षाच्या बंद खोलीत होणार, बाहेरचं न्यायालय नाही, संसद नाही, वर्तमानपत्र नाही; मग त्या खोलीत पदं विकली जाणारच. पकड घट्ट आहे म्हणूनच हा बाजार भरतो, आणि तो मोडायला पक्षाकडे साधन काय, तर आणखी घट्ट पकड. 2016 मध्ये फौजेचं मुख्यालय चालवणारे चारही जनरल विभाग मोडून शिस्त तपासणी आयोग थेट लष्करी आयोगाखाली आणला, तो त्यासाठीच. तुला वाटलेला विरोधाभास हा विरोधाभास नाही. तुझ्या प्रबंधाचा गाभा आहे तो.

एका संपादकांनी माझा याच विषयावरचा लेख परत पाठवला होता. "चीनमध्ये बंड होणार का, हे सांगा, बाकीचं वाचक वाचत नाहीत." मी एक अक्षर बदललं नाही. लेख छापून आला नाही, पुढे मला कोणी विचारलंही नाही. कमिट्यांचा हिशेब ठेवणारा माणूस, असं माझ्याबद्दल बोललं गेलं. बोलू देत. ज्यांनी बंडाची भाकितं छापली त्यांची भाकितं आज कुठे आहेत? मी चिनी भाषा चाळिशीनंतर शिकलो आणि पुस्तक होऊ शकलं नाही, याची खंत मरेपर्यंत राहील. टिपणांचं कपाट तसंच भरलेलं आहे. पण अंदाज विकून नाव करण्यापेक्षा ते कपाट बरं, हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणेन. तुझ्या मार्गदर्शकांना "शी विरुद्ध जनरल" असं चमकदार शीर्षक हवं आहे, ते ठेवायचं तर ठेव. आतला मजकूर मात्र विकू नकोस.

तुझ्याजवळ माझ्याकडे नव्हतं ते आहे: भाषा वेळेवर आली, आणि पंचवीस-तीस वर्षं पुढे आहेत. म्हणून तुझ्यावर रागावतोय.

दुसरं प्रकरण पुन्हा लिही. सुरुवात सानवानपासून कर. कंपनीच्या शाखेत कोण बसतं, काय ठरतं, कमांडर आणि मार्गदर्शक यांचं पटलं नाही तर वाद कुठे जातो, हे आधी लिहून काढ. गलवानच्या वेळी आपल्यासमोर उभ्या असलेल्या रेजिमेंटलाही हेच लागू होतं, तेही बघ. आयोगातल्या सात जणांची नावं शेवटच्या प्रकरणापर्यंत येऊ देऊ नकोस. दिवाळीच्या सुट्टीत आलीस की कपाटाच्या चाव्या घेऊन जा; 1973 च्या बदल्यांची टिपणं वरच्या खणात आहेत, पण अक्षर लावायला माझ्याजवळ बसावं लागेल.

तुझे सर